वाईट दिवसांची वही

मामांनी हयातभर ट्रक चालवला. आता बार्शीजवळच्या गावात तीन एकर सांभाळतात आणि जोडीला कंबर. त्यांची भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती दिवाळीला आली की एक अख्खी दुपार या कमरेवर जाते. मी या घरची सून. आमच्याकडे सुनाही सासऱ्यांना मामाच म्हणतात, त्यामुळे खाली ‘मामा’ म्हणजे आम्हा दोघींचेही मामा. मत मला कोणी विचारलं नव्हतं, ते मी मध्येमध्ये घुसडलं आहे.

या खेपेला निमित्त झालं वहीचं. ट्रकवर असताना मामा खेपेची वही ठेवायचे. डिझेल किती टाकलं, किलोमीटर किती झाले, अॅव्हरेज काय पडलं. ती सवय सुटली नाही. हल्लीच्या वहीत पुढच्या अंगानं शेतीचा हिशेब असतो आणि वही उलटी धरून मागून सुरू केलेल्या पानांवर कंबर.

भाची : मामा, मागच्या पानांवर नुसते वाईट दिवस आहेत.

मामा : मग? बऱ्या दिवशी काय लिहू? आज काही झालं नाही, असं?

भाची : अगदी तसंच.

मामा : ऐक. गाडी आवाज करायला लागली की ड्रायव्हर आवाजाचा माग काढतो. पाटा आहे का, बुश आहे का, जॉइंट आहे का. गाडी नीट पळत असताना कोण कान लावून बसतं? कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. मी माग काढलाय. वांगं खाल्लं की दुखते. ढग आले की दुखते. दही, गार वारा, लग्नातली प्लास्टिकची खुर्ची, पाहुण्यांकडची गादी. तारखेसकट लिहिलंय.

भाची : गाडीत आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी झिजलंय, हे नक्की. कमरेचं तसं नाही. तीन महिन्यांच्या पुढं गेलेलं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. मूळ इजा पुष्कळदा भरून येते, पण इशारा देणाऱ्या नसा इशारा देतच राहतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की मार लागल्यावर मज्जारज्जूच हळवा होतो. मग पूर्वी ज्याचं काही वाटत नव्हतं, ते दुखायला लागतं. गाडीला आवाजाची सवय लागत नाही, मामा. शरीराला लागते.

मामा : आणि एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलेली दिसली, ती काय सवय म्हणून सरकली?

भाची : ती सरकलेली असेल. पण ज्यांना काही दुखत नाही अशा 3110 लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 साली मोजदाद झाली. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के. गादी फुगलेली तर विशीतल्या 30 टक्क्यांची. या सगळ्यांची कंबर ठणठणीत. फोटोत दिसलं ते खरं असतं, पण तेच दुखतंय असं त्यावरून ठरत नाही.

मामा : म्हणजे फोटोत नाही, गादीत नाही. मग डोक्यात आहे, असं सरळ म्हण की. एक डॉक्टर म्हणालाच होता, टेन्शन घेऊ नका.

इथं भाची गप्प झाली आणि ते बरं झालं. मामांची ही वही कशासाठी आहे, हे तिला तोवर कळलेलं नव्हतं असं मला वाटतं. फोटोवाला ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणतो, डॉक्टर ‘टेन्शन’ म्हणतो, भावकी ‘सकाळी तर पारावर बसला होता’ म्हणते. अशा माणसाला तारीखवार लिहिलेलं पान हा एकच साक्षीदार उरतो. वेदना रक्ताच्या तपासणीत येत नाही, लघवीच्या तपासणीत येत नाही. ती येते फक्त सांगण्यात, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायची आपल्याकडं पद्धत नाही. बाईनं सांगितलं तर आणखीच नाही. 2006 च्या चिकनगुनियानंतर माझ्या सासूबाईंची मनगटं सकाळी आखडायची. पीठ मळायला वेळ लागतो म्हणून त्यांनाच बोलणी बसायची. बार्शीनं 1973 साली चिकनगुनियाची साथ पाहिली होती. पुढं तीसेक वर्षं तो आजार जवळजवळ नाहीसा झाला आणि 2005-06 मध्ये परत आला, तेव्हा देशभरात 13 लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात उतरला. सांधे काहींचे महिनोन्महिने, काहींचे वर्षानुवर्षं धरलेले राहिले. सासूबाईंनी वही ठेवली नाही.

भाची : डोक्यात आहे असं मी म्हणणार नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. 2020 साली त्यांनी वेदनेची व्याख्या नव्यानं केली. त्यात सोबत लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर ते मानावं. तुमचं दुखणं खरं आहे. मला शंका आहे ती तुमच्या कारणांबद्दल.

मामा : ढगाबद्दल शंका? अख्ख्या गावाला विचार.

भाची : गावाला विचारून कळायचं नाही, हाच मुद्दा आहे. 1996 साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोघांनी संधिवाताचे 18 रुग्ण 15 महिने तपासले. महिन्यातून दोनदा दुखणं मोजायचं आणि त्या वेळच्या हवेशी ताडून बघायचं. रुग्णांना खात्री होती, पण मेळ बसला नाही. मग त्यांनी कॉलेजच्या मुलांना आकड्यांच्या अशा माळा दाखवल्या, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. त्यातही पुष्कळांना संबंध दिसला. ढग होते आणि दुखलं, हे लक्षात राहतं. ढग होते आणि दुखलं नाही, याची कोण आठवण ठेवतो?

मामा : 18 माणसं? आमच्या पारावर याहून जास्त बसतात.

भाची : बरोबर आहे. म्हणून पुढचंही सांगते. मँचेस्टर विद्यापीठानं 2658 लोकांकडून मोबाइलवर रोजच्या रोज दुखणं नोंदवून घेतलं, तेही 15 महिने. 2019 मध्ये निकाल आला. हवा दमट, दाब कमी आणि वारा जास्त असेल तर दुखणं थोडं वाढतं.

मामा : मग मी काय म्हणत होतो!

भाची : किती वाढतं ते ऐका. साधारण हवेच्या दिवशी दुखण्याची शक्यता शंभरात पाच असेल, तर दमट वाऱ्याच्या दिवशी ती सहा होते.

मामा : म्हणजे मी बरोबर होतो.

भाची : शंभरात एकापुरते.

मामा : एकापुरता का होईना. आणि आमच्याकडचे ढग तुझ्या मँचेस्टरसारखे नाहीत. ते येतात, कंबर दुखवतात आणि पडतात मराठवाड्यात जाऊन.

भाची : बरं, आषाढीला दिंडीत गेला होता ना? ते दिवस वहीत कुठं आहेत?

मामा : तिकडं कंबर दुखलीच नाही. लिहायचं काय?

भाची : पाऊस होता?

मामा : होता की. दोन मुक्काम भिजलो.

भाची : निजायला काय होतं?

मामा : पाल. खाली सतरंजी.

भाची : म्हणजे ढग, वारा, ओल, कडक जमीन, सगळं एका जागी हजर, आणि कंबर गप्प.

मामा : पांडुरंगाची कृपा, दुसरं काय.

भाची : असेल. त्याला मी नाही म्हणत नाही. पण कृपेच्या जोडीला तिथं काय काय होतं तेही बघा. रोज ठरलेली चाल, ठरलेल्या जागी विसावा, हरिपाठ झाला की पाठ टेकणं, भोवती सारखी माणसं. सिॲटलला विल्बर्ट फोर्डाइस म्हणून होते. 1970 च्या दशकात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना त्यांनी हेच करायला लावलं. दुखायला लागेपर्यंत काम करायचं नाही. आधी माप ठरवायचं आणि माप झालं की थांबायचं, दुखो वा न दुखो. बरं वाटतंय म्हणून जास्त नाही, दुखतंय म्हणून शून्य नाही.

मामा : शेतात असं माप चालतं का? आभाळ भरलं असताना काढणीला आलेला कांदा म्हणतो का, आज तुमचं माप झालं, उद्या या?

भाचीनं याला उत्तर दिलं नाही. वही उलटी करून ती हिशेबाची पानं चाळायला लागली. मामांना ते आवडलं नाही. हिशेब ही त्यांच्या लेखी कमरेपेक्षा खासगी गोष्ट आहे.

भाची : 16 तारीख. ‘शेणखत, 2 ट्रॉल्या, मजूर 1.’ मजूर एक, म्हणजे दुसरे तुम्ही.

मामा : मग? दोघांचे पैसे कोण देणार?

भाची : आता मागचं पान. 18 तारीख. ‘सकाळपासून कंबर. काल रात्री वांग्याचं भरीत झालं होतं.’

मामा : झालं होतंच.

भाची : इथं बघा. ‘मोटार वर काढली.’ मागं, दुसऱ्या दिवशी, ‘कंबर, ढगाळ.’ इथं ‘पोती थप्पीला लावली.’ मागं दोन दिवसांनी, ‘कंबर, दही.’ मामा, तुम्ही रोज फक्त त्याच दिवसाकडं आणि आदल्या ताटाकडं बघताय. अंगमेहनतीचा हिशेब शरीर एक-दोन दिवस उशिरा मागतं. आणि काम केलंत तो दिवस चांगला होता, म्हणून तो मागच्या पानांवर आलाच नाही.

मामा : कंबर बरी होती म्हणून उरकून घेतलं. बरी असताना नाही करायचं तर कधी करायचं?

भाची : तीच तर गोम आहे. बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात, मग दोन दिवस आडवं, मग बरं वाटलं की पुन्हा तसंच. माझ्याकडं येणारे निम्मे रुग्ण या फेऱ्यात असतात.

मामांनी वही हातातून काढून घेतली आणि स्वतः पुढचं-मागचं पान लावून बघायला लागले. हिशेब जुळवणं हे त्यांचं बलस्थान. बराच वेळ चष्मा कपाळावर गेला नाही. मग त्यांनी असं काही काढलं जे भाचीला दिसलं नव्हतं.

मामा : हे बघ. ‘लाइट रात्री.’ पाळी बदलली की मी लिहून ठेवतो. मोटारीला काही दिवस दिवसाची लाइट, काही दिवस रात्रीची. रात्रीची असली की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला मी जातो. आणि मागं बघ, या सगळ्या तारखा. एकामागोमाग.

भाची : झोप किती होते तेव्हा?

मामा : कसली झोप! लाइट येणार, जाणार, परत येणार. पहाटे येऊन पडतो आणि उजाडलं की धार काढायला उठतो.

भाची : मामा, हे वांग्यापेक्षा हजारपट मोठं आहे. टोरोंटोच्या मोल्डोफस्की यांनी 1975 साली धडधाकट अशा मूठभर लोकांची गाढ झोप आवाज करून मोडली. त्यांना जागं केलं नाही, फक्त झोप उथळ ठेवली. थोड्याच रात्रींत त्यांचे स्नायू दाबल्यावर दुखायला लागले. दुखतं म्हणून झोप लागत नाही, एवढंच आपण धरून चालतो. झोप झाली नाही म्हणून दुखतं, हेही तितकंच खरं आहे. आणि सिडनीत 2015 साली 999 जणांना विचारलं की कंबर धरली त्याच्या आधी काय करत होता, आणि जेव्हा धरली नव्हती तेव्हा काय करत होता. तो अचानक धरलेल्या कमरेचा अभ्यास होता, तुमच्यासारख्या जुन्या दुखण्याचा नाही. पण प्रश्न विचारायची रीत उचलण्यासारखी आहे. माणसाची तुलना त्याच्याच बऱ्या वेळेशी. त्यात पुढं आलं अवघडून काम करणं, दमलेलं असणं आणि लक्ष दुसरीकडं असणं.

मामा : रात्री दारं धरताना तिन्ही असतात. वाकलेला असतो, झोप आलेली असते, एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, आणि लक्ष जनावर कुठं आहे का इकडं.

भाची : मग कारण सापडलं.

मामा : सापडलं. आता सांग, लाइट दिवसाची कोण देणार? तुझा दवाखाना?

या प्रश्नावर पुण्याच्या पदवीकडं काही नव्हतं. आरोग्यावरचे लेख मी बरेच वाचते, आणि त्यात दुखणं वाढवणारी कारणं नेहमी अशीच असतात जी माणसानं मनावर घेतलं की सुटावीत. खुर्ची बदला, मोबाइल बाजूला ठेवा, लवकर झोपा, ताण घेऊ नका. लेख लिहिणाऱ्याला दिवसा वीज असते. भिगवणला, म्हणजे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला लोक जातात त्या गावात, 1996 साली पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमात घरोघर जाऊन पाहणी केली. साधारण 18 टक्के प्रौढांना हाडं, स्नायू, सांधे यांचं दुखणं निघालं. त्यातल्या किती जणांना दुखण्याचं कारण माहीत नव्हतं म्हणून दुखत होतं? मला वाटतं, ऊस तोडणाऱ्या बाईला तिची कंबर कशानं जाते हे कोणत्याही तज्ज्ञाइतकंच चांगलं माहीत असतं. म्हणून कारण शोधू नये, असं मी म्हणत नाही. पण सापडलेलं कारण हातात नसेल तर त्याचा दोष तरी दुखणाऱ्याच्या माथी मारू नये.

भाची : लाइट मी देऊ शकत नाही. पण रात्रीच्या पाळीत दुपारची झोप धरता येईल. अर्धा-पाऊण तास, पंखा लावून, फोन बंद करून. त्या दिवसांत शेणखत नाही, पोती नाहीत. आणि सौर पंपाच्या अर्जाचं काय झालं?

मामा : केलाय. बघू.

भाची : आणि आता दुसरी बाजू. वहीत लिहिलं म्हणून तुम्ही काय काय सोडलंत, ते मोजलंय? खुर्चीमुळं दुखतं म्हणून लग्नं सोडली. गादीमुळं दुखतं म्हणून ताईकडं मुक्काम सोडला. वारा लागतो म्हणून सकाळचं फिरणं सोडलं. प्रत्येक वाईट दिवसानं यादीत एक भर घातली, आणि यादीतून कधी काही गाळलं नाही. शरीर वापरात राहिलं नाही की थोड्याशा हालचालीनंही दुखतं. मग ती हालचालही यादीत. दिवसभर कमरेवर पहारा ठेवला की ती जास्तच दुखते. हे मी तुमच्यावर ढकलत नाही, कुणाचंही होतं.

मामा : मग वही फाडून टाकू?

भाची : नाही. पण तिच्यावर वेळेची हद्द घाला. रोज रात्री जेवणानंतर एकदाच, पाच ओळी. झोप किती, एका दमात किती बसलात किंवा वाकलात, काम काय, कुणाशी वाजलं का, आणि दुखणं शून्य ते दहा. बऱ्या दिवशीसुद्धा. मागचं पान न बघता. दीड-दोन महिने लिहा आणि मग वही बंद. पंधरवड्यानं एकदा पुढचं-मागचं पान वहिनीसोबत लावून बघा. एकट्यानं नको, तुम्हाला सगळीकडं वांगं दिसतं.

मामा : आणि गोळी? मेडिकलवाला देतो ती?

भाची : ती रोज घेत असाल तर आधी मला खरं सांगा. दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडू शकतात. आणि काही गोष्टी वहीत लिहीत बसायच्याच नाहीत, थेट दवाखान्यात यायचं. पायातली ताकद गेली, लघवी-संडासचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, ताप राहायला लागला, वजन उतरलं. आपल्याकडं मणक्याचा क्षय अजून आहे. कंबर जुनी आहे म्हणून नवं काही होणार नाही, असं नसतं.

मामा : ते कळतं मला. पण वांग्याचं मी सोडणार नाही. मी अनुभव घेतलाय.

इतका वेळ शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई इथं पहिल्यांदा बोलल्या. त्यांना भरीत आवडतं, आणि मामांची यादी सुरू झाल्यापासून या घरात दोन भाज्या होतात.

सासूबाई : अनुभव तुमचा, चूल माझी. एकदाचं काय ते ठरवा.

भाची : ठरवू की. पंधरा दिवस वांगं खायचं, पंधरा दिवस नाही, आणि हेच आणखी एकदा. वहीत रोजच्या पाच ओळी. शेवटी आकडे बघू. वांग्यानं खरंच दुखत असेल तर मी स्वतः मामींना सांगेन, करू नका म्हणून.

मामा : आणि दही?

भाची : दह्याला हात लावायचा नाही. एका वेळी एकच.

मामा : आणि शेणखत?

भाची : या दीड-दोन महिन्यांत मजूर दोन.

मामा : महाग पडतंय तुझं औषध.

मामांनी वहीचं कोरं पान काढलं, पेनानं उभ्या रेघा मारल्या आणि थांबले.

मामा : थांब, थांब. वांग्याचे पंधरा दिवस रात्रीच्या लाइटीत आले तर? मग वांग्यानं दुखलं का जागरणानं, कसं कळणार?

भाची : (जरा वेळानं) नाही कळणार. दोन्ही पंधरवड्यांत रात्रीच्या पाळ्या सारख्या यायला हव्यात.

मामा : मग आज नको. सोमवारपर्यंत रात्रीची आहे. मंगळवारी पाळी बदलते, तिथून धरू. सूनबाई, कॅलेंडर दे इकडं.